हत्ती गेला, शेपूट विकलं

रा. रा. बी यांस,
मु. पो. आर्प्सचं समीकरण, छेदातला मजला.

सा. न. वि. वि.

पत्र उघडं लिहितोय याचा राग मानू नये. बंद पाकीटच पाठवणार होतो, पण तुम्ही राहता एक्सेलच्या एका चौकोनात आणि त्या चौकोनाला कंपनीचं कुलूप असतं. दारावरची पाटीही सारखी बदलते. कधी १.१, कधी १.३, नवं कर्ज काढायची वेळ आली की १.५. पोस्टमननं शोधायचं तरी कुठं?

माझी ओळख तुम्हाला आहेच. बावीस वर्षं ह्यूस्टनमध्ये तेलविहिरींचं भविष्य वर्तवायची नोकरी केली. गावाकडे, तासगावच्या बाजूला, आमचे आजोबा विहीर खणायच्या आधी पाणाड्या बोलवायचे. तो तळहातावर आडवा नारळ घेऊन शेतभर फिरायचा आणि नारळ उभा राहिला की म्हणायचा, "इथं खणा." माझं काम त्याच्या पुढचं. विहीर लागल्यावर ती किती वर्षं आणि किती देईल, ते सांगायचं. त्याच्या हातात नारळ होता, माझ्या हातात तुम्ही होतात. फरक एवढाच, की नारळ खोटा ठरला तर आजोबा त्या पाणाड्याला पुन्हा शेतात पाऊल टाकू देत नसत.

चार परके लोकही हे वाचतील, म्हणून आधी तुमची कुंडली मांडतो. १९४५ साली जे. जे. आर्प्स नावाच्या अभियंत्यानं तेलविहिरींच्या घसरणीवर एक लेख लिहिला. विहीर म्हातारी होते, तिचं उत्पादन उतरत जातं, हे सगळ्यांनाच दिसत होतं. आर्प्सनं विचारलं, की ती उतरण स्वतः दमत जाते का? आणि त्या दमण्याला त्यानं तुमचं नाव दिलं : बी. तुम्ही शून्य असलात तर विहीर दरवर्षी ठरल्या टक्क्यांनी खाली येते, दयामाया नाही. तुम्ही वाढलात की घसरण हळूहळू मंदावते. आर्प्सनं तुम्हाला शून्य आणि एक यांच्यामध्ये बसवलं होतं, आणि ते लागू पडतं विहिरीचा प्रवाह आपल्या साठ्याच्या कडेपर्यंत पोचून स्थिर झाल्यानंतरच्या दिवसांपुरतंच. सभ्य घरातलं पोर, अंगणाबाहेर जायचं नाही अशी ताकीद. नावही किती साजरं! मराठीत बी म्हणजे बियाणं. पेरलं तेवढं उगवतं, जास्त नाही.

पुढं तुम्ही अंगण सोडलंत. शेल नावाच्या खडकातल्या विहिरींना तुम्ही एकाच्या वर बसू लागलात, आणि तिथं एक गंमत आहे. एकाला पोचलात की त्या विहिरीतून निघणाऱ्या तेलाची बेरीज, गणितानं तरी, कधी संपतच नाही. काळ जाईल तसं तेल निघतच राहील. द्रौपदीची थाळी! टेक्सासच्या माळरानावर दीड लाख डॉलर पगाराच्या इंजिनियरांनी ही थाळी मांडली आणि वॉल स्ट्रीटवरची मंडळी पंगतीला बसली. बेरीज अनंत दिसायला बरी नाही, म्हणून तीस वर्षांवर रेघ मारायची किंवा शेवटच्या काळासाठी पाच-सहा टक्क्यांची सौम्य घसरण ठोकून द्यायची, एवढी लाज शिल्लक होती. ती नाकारत नाही.

तुमचा बचाव मला पाठ आहे. तुम्ही म्हणाल, "मी मनानं वर गेलो नाही, खडकानंच मला वर नेलं." आणि पहिल्या काही वर्षांपुरतं ते खरंही आहे. म्हणून तर तुमचा गुन्हा इतका देखणा.

खडकाचं सांगतो. पर्मियन खोऱ्यातला वुल्फकॅम्प घ्या किंवा नॉर्थ डकोटातला बाकेन. दोन-तीन किलोमीटर खाली उतरायचं, तिथं काटकोनात वळायचं आणि थराच्या पोटातून दोन मैल आडवं जायचं. खडक इतका घट्ट, की तेल त्यातून आपण होऊन येत नाही. मग पाण्याच्या दाबानं त्याला भेगा पाडायच्या आणि त्या मिटू नयेत म्हणून त्यात वाळू कोंबायची. फुटाला दोन हजार पौंड वाळू धरली, तर दोन मैलांच्या विहिरीला साडेनऊ हजार टनांच्या आसपास जाते. दहा टनी ट्रकच्या साडेनऊशे फेऱ्या, एका विहिरीसाठी! (वाळू पाण्यात तरंगती राहावी म्हणून पाणी दाट करायला सुरुवातीला वापरत ते गवारीच्या बियांचं पीठ. आपण जिची शेंगदाण्याचं कूट घालून भाजी करतो तीच गवार, बहुतेक राजस्थानातली. २०१२ साली अमेरिकी विहिरींनी गवारीचे भाव असे पेटवले, की मार्चमध्ये सरकारला तिचा वायदेबाजार बंद ठेवावा लागला. पुढं बऱ्याच कंपन्या पातळ पाण्यावर आणि कृत्रिम रसायनांवर गेल्या. तुमच्या नात्यातली ती एकच बी प्रामाणिक निघाली. मागणी गेली तशी गप्प बसली.)

भेगेला लागून असलेलं तेल पहिल्याच दिवसांत धावत येतं. मग त्याच्या मागचं, मग त्याच्याही मागचं, आणि प्रत्येकाची वाट आधीच्यापेक्षा लांब. हा प्रवाह काळाच्या वर्गमुळानं उतरतो. पहिल्या महिन्याच्या अखेरीस दिवसाला ९०० पिंपं देणारी विहीर चौथ्या महिन्यात ४५० वर, नवव्यात ३०० वर, पंचविसाव्यात १८० वर आणि शंभराव्या महिन्यात, म्हणजे आठ वर्षं उलटल्यावर, ९० वर. पहिल्या वर्षात साठ-सत्तर टक्के गळती होते ती अशी. पण नंतर बघा कशी सावरते! या काळात विहिरीची नाडी तपासली तर तुमची किंमत दोन येते. एक नाही, दोन. आणि ती मोजमापानं येते, कुणाच्या खिशातून नाही.

पण भेगा काही एकट्या नसतात. प्रत्येक भेग दोन्ही बाजूंचा खडक उपसत असते. होता होता शेजारच्या भेगेनं उपसलेल्या हद्दीला तिची हद्द भिडते. मागून यायला नवं तेलच उरत नाही. त्या दिवशी वर्गमुळाचं राज्य संपतं आणि विहीर दरवर्षी ठरल्या टक्क्यांनी उतरू लागते. तुम्ही दोनवरून खाली येता, पार शून्याकडे. टेक्सास विद्यापीठाच्या पाटझेक, मेल आणि मार्डर यांनी २०१३ साली बार्नेट शेलच्या आठ हजारांवर गॅस-विहिरी तपासून हेच दाखवलं : आधी वर्गमूळ, मग घातांकी घसरण. तेलाच्या विहिरीत आणखी गुंतागुंत असते, पण ती तुमच्या बाजूनं साक्ष देणारी नाही.

आता हिशेब. पाढे येणाऱ्या कुणालाही जमेल. पहिला महिना संपतानाच्या दरानं महिनाभरात निघेल तेवढ्या तेलाला एक माप म्हणू. वर्गमुळाच्या चालीनं विहीर पहिल्या तीन वर्षांत १२ मापं देते. तीच चाल तीस वर्षं टिकली असं मानलं तर एकूण ३८. पण तीन वर्षांनी भेगा एकमेकींना भिडल्या, तर तिथून शेवटपर्यंत फक्त आणखी १२ मापं. एकूण २४. अडतीस नाही, चोवीस! आणि यातली खरी मेख अशी, की पहिली तीन वर्षं हे दोन्ही वक्र एकावर एक, रेघेवर रेघ. भिंग लावून पाहिलंत तरी वेगळे दिसायचे नाहीत. वेगळे दिसू लागतात चौथ्या वर्षी, आणि तोवर जमीन विकत घेतलेली, रोखे विकलेले, बोनस वाटलेले, आणि वक्र काढणारा दुसऱ्या कंपनीत रुजू झालेला.

आपल्याकडं म्हण आहे, हत्ती गेला आणि शेपूट राहिलं. शेलच्या विहिरीला ती जशीच्या तशी लागू पडते. पहिल्या दोन-तीन वर्षांत हत्ती निघून जातो, मग शेपूट हलत राहतं. तुमची कारागिरी अशी, की कागदावर हत्ती १२ मापांचा आणि शेपूट २६ मापांचं. बाजारानं शेपटाकडे बघून हत्तीची किंमत केली.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. तुम्ही पाळण्यातल्या पायांवरून त्याचं निवृत्तिवेतन काढून दाखवलंत. २०१४ साली पर्मियनच्या आडव्या विहिरींना धड चार-पाच वर्षांचा इतिहास नव्हता आणि सादरीकरणांमध्ये तीस वर्षांचं उत्पादन रंगीत छापलेलं होतं. कंपन्यांची पत्रकं तर चोवीस तासांची असायची. विहीर उघडली, तोंडावरची झडप मोकळी सोडली, एका दिवसाचा सर्वांत मोठा आकडा टिपला आणि दुसऱ्या सकाळी बातमी दिली. नव्याचे नऊ दिवस तरी म्हणतात. इथं एकाच दिवसात बारसं, मुंज आणि लग्न!

बरं, पडताळायचं कुणी? नॉर्थ डकोटात विहिरीगणिक नोंद असते, पण टेक्सासात तेलाची नोंद पट्ट्यागणिक होते. एका पट्ट्यावर पाच विहिरी असल्या तर पाचांची बेरीज कळते, कुणी किती दिलं ते अंदाजानं वाटून घ्यायचं. तिथं ही नोंद ठेवणाऱ्या खात्याचं नाव रेलरोड कमिशन. त्याचा रेल्वेशी आता काडीचा संबंध नाही. नावाचा आणि कामाचा संबंध नसलेल्या खात्याच्या दप्तरात तुम्हाला लपायला अशी प्रशस्त जागा मिळाली.

तरी उजेड पडायचा तो पडलाच. २ जानेवारी २०१९ रोजी वॉल स्ट्रीट जर्नलनं एक तपासणी छापली. टेक्सास आणि नॉर्थ डकोटातल्या २९ मोठ्या कंपन्यांच्या सुमारे १६,००० विहिरी घेऊन कंपन्यांचे अंदाज आणि प्रत्यक्ष उत्पादनावरून निघणारे अंदाज शेजारी शेजारी ठेवले. २०१४ ते २०१७ दरम्यान कंपन्यांनी केलेल्या अंदाजांपैकी दोन तृतीयांश फुगलेले निघाले. सगळ्यांची मिळून तूट जवळपास दहा टक्के, तीस वर्षांत सुमारे शंभर कोटी पिंपं. दहाच टक्के, असं म्हणून तुम्ही हात झटकाल. दुकानदार तराजूखाली दहा टक्क्यांचं चुंबक लावतो तेव्हा त्याला आपण काय म्हणतो?

आणि दहा टक्के ही तर शहाण्या घरांची गोष्ट झाली. तुमच्या दूरच्या भावकीत कॅलिफोर्नियाचं मॉन्टेरे शेल आहे. त्यात १,३७० कोटी पिंपं काढण्याजोगी असल्याचं अमेरिकी ऊर्जा खात्याच्या माहिती विभागाचं म्हणणं होतं. मे २०१४ मध्ये त्यांनी तो आकडा साठ कोटींवर आणला. शंभरातले शहाण्णव गेले. तिथं तुम्ही नव्हतात हे कबूल, दुसऱ्याच पद्धतीचा अंदाज होता तो. पण संस्कार तेच : खडकाला विचारायच्या आधी बातमी द्यायची.

तुमच्या साथीदारांबद्दलही दोन शब्द लिहायला हवेत, नाहीतर सगळा दोष तुमच्याच माथी मारल्यासारखं होईल.

पहिला साथीदार गॅस. शेलच्या तेलात गॅस विरघळलेला असतो. गोटी सोड्याची बाटली आठवा. गोटी आत ढकलली की दाब सुटतो आणि फसफस बाहेर येते, सोडा मागं राहतो. खडकातला दाब ठरावीक मर्यादेखाली गेला की तेच होतं. गॅस आधी पळतो, तेल मागं रेंगाळतं. विहीर जुनी होते तसा गॅसचा वाटा वाढत जातो. आता कंपन्यांचा हिशेब बघा. सहा हजार घनफूट गॅस बरोबर एक पिंप तेल, असं धरून दोन्ही एकाच रकान्यात मिळवतात. उष्णतेच्या मापानं ते बरोबर आहे, पैशाच्या मापानं दुधात पाणी. पश्चिम टेक्सासच्या वाहा बाजारात गॅसचा भाव कितीदा शून्याखाली गेलाय, म्हणजे "घेऊन जा, वर पैसेही घ्या" अशी स्थिती. तेल घसरत असतं, गॅस वाढत असतो, बेरजेचा वक्र मात्र तुमच्या आधारानं तोऱ्यात उभा. ऑगस्ट २०१७ मध्ये पायोनियर कंपनीनं आपल्या तिमाही निकालात गॅसचं प्रमाण अपेक्षेहून जास्त असल्याचं सांगितलं, तेव्हा तिचा शेअर एका दिवसात दहा टक्क्यांहून अधिक पडला. बाजाराला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, की पिंप म्हणजे नेहमीच तेल नसतं.

दुसरा साथीदार दाटीवाटी. हे मात्र आमच्या गावच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. शेजाऱ्यानं तुमच्या बांधाला लागून चारशे फुटांची बोअर मारली की तुमची दोनशे फुटांची बोअर हवा ओढायला लागते. मग तुम्ही सहाशे फूट मारता. दोन वर्षांत दोघंही टँकरच्या रांगेत. शेलमध्ये पहिल्या विहिरीला आई म्हणतात आणि तिच्या शेजारी मागाहून खोदलेल्या विहिरींना मुली. आईनं उपसून ठेवलेल्या रिकाम्या जागेकडे मुलीच्या भेगा धावतात. पाणी आणि वाळू तिकडंच जाते. मुलगी अशक्त जन्मते आणि आईलाही दणका बसतो. पण कंपन्यांच्या नकाशावर मात्र प्रत्येक मुलगी आईइतकीच धष्टपुष्ट, तुमचाच एक वक्र उचलून सगळ्यांना चिकटवलेला. काँचो नावाच्या कंपनीनं डेलावेअर खोऱ्यात एका जागी २३ विहिरी अवघ्या २३० फुटांच्या अंतरानं मारल्या. प्रकल्पाचं नाव डॉमिनेटर! विहिरींनी एकमेकींवरच वर्चस्व गाजवलं. २०१९ च्या मध्यावर निकाल जाहीर झाला, तेव्हा एका दिवसात कंपनीच्या शेअरचा पाचवा हिस्सा साफ झाला. दीड वर्षाच्या आत कंपनीच कोनोकोफिलिप्सच्या पोटात गेली.

तिसरा साथीदार पैसा, आणि त्याच्यापुढं आपण दोघंही लिंबूटिंबू. तुम्ही वर गेलात की साठा वाढतो, साठा वाढला की बँक जास्त कर्ज देते, कर्ज मिळालं की नव्या विहिरी होतात आणि नव्या विहिरींचं भरघोस पहिलं वर्ष जुन्यांची घसरण झाकून टाकतं. तळाला भोक पडलेल्या हौदात दोन बादल्या जास्त ओतत राहिलं की पाणी वर चढल्यासारखं दिसतं. ओतणं थांबवलं की वर्षभरात तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पाणी गायब. २०१० साली लागू झालेल्या अमेरिकी रोखे आयोगाच्या नियमानं तर अजून न खोदलेल्या विहिरीही पाच वर्षांत खोदू असं सांगून सिद्ध साठ्यात धरणं आणखी सोपं केलं. बाजारात तुरी, भट भटणीला मारी. इथं तर भटानं त्या तुरीवर कर्जही काढलं.

डिलॉइटनं जून २०२० मध्ये जमाखर्च मांडला. २०१० पासून अमेरिकी शेल उद्योगाच्या हाती आलेल्या पैशापेक्षा खर्च झालेला पैसा ३०० अब्ज डॉलरनी जास्त, ताळेबंदातून ४५० अब्ज डॉलरवर मालमत्तेची किंमत उतरवलेली आणि दिवाळखोऱ्या १९० हून अधिक. त्याच वर्षी एप्रिलमध्ये व्हायटिंग आणि जूनमध्ये चेसापीक कोर्टाच्या दारात. कोविडमुळे २० एप्रिलला तेलाचा भाव उणे ३७ डॉलरवर गेला होता हे खरं, पण उंबरठ्यावरच्या माणसाला वारा लागला की तो पडतो. घरात बसलेला पडत नाही.

मुंबईच्या रिलायन्सनंही या पंगतीत पान मांडलं होतं. २०१० मध्ये तीन अमेरिकी कंपन्यांशी भागीदारी केली, त्यातली एक हीच पायोनियर, टेक्सासच्या ईगल फोर्ड शेलमध्ये. नोव्हेंबर २०२१ मध्ये शेवटचा हिस्सा विकून त्यांनी उत्तर अमेरिकेतल्या शेलला रामराम ठोकला. गॅसचे कोसळलेले भाव हे त्यामागचं मोठं कारण, सगळं बिल तुमच्या नावे फाडणार नाही. पण माझ्या एका मावसभावानं त्या बातमीचं कात्रण मला पाठवून विचारलं, "दादा, अकरा वर्षांत विहीर आटते होय रे?" मी म्हटलं, आटत नाही. शेपूट हलत राहतं. त्याला ते काही पटलं नाही. त्याच्या डोळ्यांसमोर बॉम्बे हाय होतं. १९७४ साली सागर सम्राट या रिगला तिथं समुद्रात तेल लागलं, ७६ पासून ते निघतंय, आजही निघतंय.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, की म्हणजे शेल निव्वळ थापच. असं म्हणणाऱ्याच्या पंक्तीला मला बसवू नका. अमेरिकेचं तेल २००८ साली दिवसाला ५० लाख पिंपं होतं, २०२४ मध्ये १ कोटी ३० लाखांवर गेलं. हे कागदावरचं तेल नाही, जहाजात भरलेलं तेल आहे. तेल आलं. फक्त ते ज्या विहिरीतून येईल म्हणून सांगितलं होतं तिच्यातून न येता तिच्या शेजारच्या, आणि तिच्याही शेजारच्या विहिरींतून आलं. त्या खोदायचा खर्च तुमच्या वक्रात कुठं नव्हता. नॉर्थ डकोटानं २०१९ च्या अखेरीस दिवसाला १५ लाख पिंपांचा टप्पा गाठला. नंतर पुन्हा तिथवर पोचणं जमलेलं नाही, कारण चांगल्या जागांवर आधीच मुली नांदताहेत.

हल्ली तुम्ही जरा नरमलात असं ऐकतो. ठेचा खाल्लेले गुंतवणूकदार आता वाढ नको, लाभांश द्या म्हणतात. तुमचं वजनही १.५ वरून एकाच्या आसपास आलंय. बरं झालं. पण तेवढ्यात विहिरी दोन मैलांवरून तीन मैलांवर गेल्या, कुठं कुठं चार. काही ठिकाणी तर घोड्याच्या नालासारख्या वळवून त्याच जमिनीत परत आणतात. विहीर मोठी, आकडा मोठा. फुटामागं किती, हे विचारणारा पाहुणा लग्नात आहेराची किंमत विचारणाऱ्यासारखा. जुन्या विहिरींना पुन्हा भेगा पाडण्याचाही उद्योग चालतो. रसवंतीत उसाचं चिपाड दुमडून, आल्याचा तुकडा घालून परत चरकात सारतात ना, तसा. रस निघतो. पेला भरत नाही.

आणि भाकड झालेल्या गाईंचं काय करतात ते तुम्हाला ठाऊक आहे? शेजारच्या गोठ्यात बांधतात. दिवसाला पंधरा पिंपांच्या आतली विहीर मोठी कंपनी छोटीला विकते, छोटी आणखी छोटीला. तिच्याबरोबर खारं पाणी येतं, ते पुन्हा जमिनीत जिरवायचा खर्च येतो आणि शेवटी सिमेंट घालून तोंड बंद करण्याची जबाबदारी येते. शेवटचा मालक एके दिवशी फोन उचलायचा थांबतो. शतकभरात अशा बेवारस ठरलेल्या विहिरी बुजवायला २०२१ साली अमेरिकी संसदेनं ४७० कोटी डॉलर मंजूर केले. त्यात जुन्या उभ्या विहिरीच जास्त. तुमच्या आडव्या विहिरींची बारी यायची आहे.

आता माझं. इतका वेळ तुम्हाला गुन्हेगार म्हणतोय, पण घातांकाला हात नसतात. तुम्हाला वर सरकवायला कुणाची तरी बोटं लागतात.

२०१४ च्या वसंतात नॉर्थ डकोटातल्या एका विहिरीचा वक्र माझ्या पडद्यावर होता. कंपनीचं नाव सांगत नाही, साहेबाचंही नाही. पंधरा महिन्यांची आकडेवारी होती. मी तुम्हाला १.१ वर ठेवलं होतं. साहेब मागं येऊन उभे राहिले, कॉफीचा घोट घेतला आणि म्हणाले, "ठिपके तर १.४ लाही बसतात." बसत होते. खरोखरच बसत होते. पंधरा महिन्यांच्या ठिपक्यांतून १.१ ही जाते, १.४ ही जाते, हवं तर दोनही जाते. मी एक आकडा खोडून दुसरा घातला. खोटं लिहिल्यासारखं मुळीच वाटलं नाही, आणि तुमची ही कला मला अजून कुणात दिसलेली नाही. संध्याकाळी घरी गेलो, महाराष्ट्र मंडळाच्या गुढीपाडव्याच्या तालमीला गेलो, नाटकातले संवाद म्हटले. त्या तीन दशांशांनी जमिनीखाली नसलेलं किती तेल जमिनीवर आलं, ते मी मोजलं नाही. मोजायचं माझंच काम होतं.

दहा वर्षांनी, निवृत्तीनंतर, सहज त्या विहिरीची नोंद काढून पाहिली. माझ्या वक्राप्रमाणे ती दिवसाला ८० पिंपांच्या वर असायला हवी होती. चाळीसही देत नव्हती. मधल्या काळात तिचा मालक दोनदा बदलला होता.

तेव्हा कळविण्यास कारण की, माझ्या त्या चाळीस पिंपांचा खुलासा आपण करावा. उत्तराची घाई नाही, सावकाश लिहिलंत तरी चालेल. आपण दोघांनी मिळून सही केलेल्या कागदाप्रमाणे ती विहीर २०४३ पर्यंत चालणार आहे.

कळावे, लोभ असावा ही विनंती. (वाढवू मात्र नये. तुम्ही वाढलात की काय होतं ते पाहिलंय.)

आपला एकेकाळचा हस्तक,
एक निवृत्त पाणाड्या
ह्यूस्टन

ता. क. : परवा जुन्या कार्यालयातला एक मुलगा भेटला, नुकताच नोकरीला लागलाय. म्हणाला, आता बी हातानं टाकत नाहीत, संगणकच शिकून सुचवतो. मी विचारलं, कशावरून शिकतो? म्हणाला, जुन्या फायलींवरून, २०१४-१५ च्या. त्यात माझीही असेल. तुम्हाला तिथं करमत असेल.